काळ्या पाण्याहून परतलेले दोघे

विलायती कपड्यांची होळी पेटली आहे, गांधीजी गावात आलेत, आणि गर्दीतला एक कॉलेजकुमार अंगातला उंची ब्लेझर उतरवून आगीत टाकतो. ग्यान तलवार त्याचं नाव. त्याच्याकडे एवढंच एक भारी वस्त्र आहे. ते टाकताना तो खरोखर भारावलेला आहे, ढोंग अजिबात करत नाही. मनोहर माळगावकरांच्या 'अ बेंड इन द गँजेस' या 1964 सालच्या इंग्रजी कादंबरीची ही सुरुवात. पुढे चारशेच्या आसपास पानांत या पोराच्या हातून खून होतो, दगाबाजी होते, अनेकदा खोटं बोललं जातं, आणि तरी शेवटी आपण त्याच्याच बाजूने श्वास रोखून बसतो. हे कसं घडतं, ते मला इथे उलगडून पाहायचं आहे.

वरवर पाहिलं तर ही युद्धकाळातली थरारकथा आहे. गुप्त क्रांतिकारी टोळी, विमानाला लावलेली आग, पोलिसांची धाड, अंदमानचा तुरुंग, जपानी आक्रमण, ब्रह्मदेशातून पायी परत येणं, सूड, फाळणी. एवढा ऐवज हाताशी असला की साधारण लेखक वाचकाला एका प्रसंगाच्या आशेवर ठेवतो: दगा दिलेला माणूस परत येईल, दगाबाजासमोर उभा राहील आणि हिशेब चुकता होईल. माळगावकर ती आशा जागी ठेवतात, वाढवतात, आणि पुरी करत नाहीत. सूड भलत्याच वाटेने निघून भलत्याच माणसांवर जाऊन पडतो. माझ्या मते कादंबरीचं मोठेपण इथे आहे.

माळगावकर मराठी माणूस. जन्म 1913 चा, घर बेळगावच्या पलीकडे जंगलातल्या जगलबेटला, मृत्यूही 2010 साली तिथेच. दुसऱ्या महायुद्धात ते मराठा लाइट इन्फन्ट्रीत अधिकारी होते, लेफ्टनंट कर्नल होऊन बाहेर पडले. शिकार केली, पुढे शिकार सोडून वन्यजीव वाचवायच्या बाजूला आले, निवडणूकही लढवून पाहिली. कान्होजी आंग्र्यांवर लिहिलं, कोल्हापूरच्या छत्रपतींवर लिहिलं. इंग्रजीत लिहिल्यामुळे मराठी वाचनालयांत ते दुर्लक्षित राहिले. आपल्याकडे कादंबरीकारांची नावं मोजताना माळगावकर कुणाच्या तोंडी येत नाहीत, याची मला खंत आहे. कारण या कादंबरीतला पंजाब वाचताना बेळगावकडचा घाट मधूनमधून डोकावतो. ग्यानच्या गावाचं नाव कोनशेत आहे, घरात आजी आहे, आणि अंदमानात भेटणारा गळ्यात पोकळी करून सोन्याची नाणी लपवणारा घसीटा हा रामोशी आहे. लेखकाने आपली माती परक्या मुलखात नेऊन पसरली आहे, आणि ती तिथे रुजली आहे.

कोनशेतच्या त्या प्रकरणावर थोडं थांबायला हवं, कारण सगळ्या कादंबरीचं मूळ तिथे आहे. एकाच कुळाची दोन घरं, थोरलं आणि धाकटं. पिपलोडा नावाच्या शेतावरून पिढीजात भांडण. दावा ग्यानच्या बाजूने लागतो आणि भाऊ हरी शेतात उतरतो. भाऊबंदकीतला विष्णुदत्त कुऱ्हाड घेऊन येतो. ग्यान तिथे उभा आहे. हरीने त्याला शिकवलं, पोसलं, त्याच्यासाठी खस्ता खाल्ल्या. आणि आता हरीवर कुऱ्हाड पडत असताना ग्यान जागचा हलत नाही.

अहिंसेचं व्रत त्याने नुकतंच घेतलं आहे. आपण व्रतामुळे थांबलो की भीतीमुळे, हा प्रश्न तो स्वतःला विचारतो आणि उत्तर त्याला ठाऊक असतं. माळगावकर त्याच्यावर चिडत नाहीत, त्याची बाजूही घेत नाहीत. ते फक्त एवढंच दाखवतात की भित्र्या माणसाच्या हाती एखादं उदात्त तत्त्व आलं की त्याची भीती त्या तत्त्वाच्या आड लपते. तत्त्व त्यात दोषी नसतं, पण बळी तत्त्वाचाही जातो. नंतर ग्यान तळ्याच्या पाण्यात बुड्या मारून ती कुऱ्हाड शोधून काढतो. न्यायालयात विष्णुदत्त सुटतो. मग ग्यान कुऱ्हाडीनेच त्याला मारतो आणि स्वतःहून पोलिसांच्या स्वाधीन होतो. ब्लेझर आगीत टाकणारा हात आणि कुऱ्हाड उचलणारा हात एकच, दोन्ही वेळी तितकाच प्रामाणिक. मला वाटतं, ग्यानचा स्वभाव या जोडीत पुरता येतो. तो त्या त्या क्षणाचा माणूस आहे. समोर जे पेटलेलं असेल त्यात तो स्वतःला झोकून देतो, आणि आग विझली की त्याच्याजवळ काही उरत नाही.

देबीदयाल याच्या अगदी उलट. दुरियाबादच्या धनाढ्य टेकचंद केरवाडांचा एकुलता मुलगा. लहानपणी त्याने एका दारूच्या नशेतल्या गोऱ्या सोजिराला आपल्या आईवर हात टाकताना पाहिलं होतं, आणि आपण किती दुबळे आहोत हे त्या दिवशी त्याच्या मनावर कोरलं गेलं. तो जपानी गुरूकडे जुजुत्सू शिकतो, शरीर घडवतो, शफी उस्मानच्या क्रांतिकारी गटात सामील होतो. गटात हिंदू, मुसलमान, शीख सगळे आहेत आणि एकत्र असल्याचा त्यांना अभिमान आहे. शफीलाही स्वतःची जखम आहे: त्याचा बाप जालियनवाला बागेच्या हत्याकांडात गेलेला. पण देशातली हवा फिरते. मुस्लिम लीगचा हाफिज खान शफीच्या कानी लागतो, उद्याचा शत्रू इंग्रज नसून हिंदू आहे असं पटवतो. धाड पडणार असल्याची खबर शफीला लागते तेव्हा तो फक्त आपल्या धर्माच्या साथीदारांना सावध करतो. बाकीचे पकडले जातात. देबीला जन्मठेप.

हा विश्वासघात माळगावकर आरडाओरडा न करता लिहितात. शफी दुष्ट म्हणून समोर येत नाही. त्याने आधी वर्षानुवर्षं जिवावर उदार होऊन काम केलेलं आहे. त्याला वाटतं तो आता अधिक शहाणा झाला आहे. दगाबाजी करणाऱ्या माणसाला दगाबाजी करत असल्याची जाणीव बहुधा नसते. आपण डोळे उघडून व्यवहार पाहायला शिकलो, अशीच त्याची समजूत असते. हिंदू-मुसलमान एकीचं स्वप्न कसं तुटलं यावर पुस्तकांचे ढीग पडले आहेत, पण या कादंबरीत ते एका निरोपात तुटतं. तो काही घरांपर्यंत पोचतो आणि काही घरांपर्यंत पोचत नाही.

मग एकाच बोटीतून दोघेही अंदमानला जातात, खुनी ग्यान आणि क्रांतिकारक देबी. इथे इतिहासाचा काटेकोर वाचक अडखळेल. 1937 च्या मोठ्या उपोषणानंतर सेल्युलर जेलमधले राजकीय कैदी मुख्य भूमीवर परत आणायला सुरुवात झाली आणि 1938 च्या आरंभी ते काम पुरं झालं. महायुद्धाच्या तोंडावर देबीसारखा कैदी तिथे पाठवला जाणं ही लेखकाने घेतलेली मोकळीक आहे. मला ती खटकत नाही, कारण तुरुंगाचं चित्र मोकळीक घेऊन काढलेलं नाही. तिथली उतरंड, साहेबाच्या मर्जीतले कैदी आणि मर्जीबाहेरचे कैदी, थोड्या सवलतीसाठी माणसाची पायरी-पायरीने होणारी घसरण, हे सगळं डोळ्यांसमोर उभं राहतं.

ग्यान तुरुंगाधिकारी मुलिगनच्या मर्जीतला होतो. त्याला वाटतं, आपण गुन्हेगार, शिक्षा भोगणं योग्य, नियम पाळणं योग्य. देबीला वाटतं, हा तुरुंग परकीयांचा, इथे नियम मोडणं हाच धर्म. देबी पळण्याचा बेत करतो. ग्यानला तो कळतो. आणि ग्यान साहेबाला सांगतो. देबीला फटक्यांची शिक्षा होते. हा दुसरा विश्वासघात. शफीच्या विश्वासघातामागे निदान एक विचार होता, चुकीचा का असेना. ग्यानच्या विश्वासघातामागे काहीच नाही, फक्त जवळच्या माणसाची मर्जी राखायची सवय. तिकडे होळीपाशी तो महात्म्याच्या प्रभावाखाली होता, इथे मुलिगनच्या. हा दुवा लेखक बोट ठेवून दाखवत नाही, पण कथेच्या बांधणीत तो पक्का बसवलेला आहे, आणि तो हाती लागला की पहिलं प्रकरण वेगळंच दिसू लागतं.

23 मार्च 1942 ला जपानी फौजा पोर्ट ब्लेअरमध्ये उतरल्या. त्याआधी इंग्रजांनी बेटं सोडली होती. प्रत्यक्ष इतिहासात त्या ताब्याची साडेतीन वर्षं भयानक होती. हेरगिरीच्या संशयावरून डॉ. दिवाणसिंगांचा छळ करून त्यांना मारण्यात आलं. 30 जानेवारी 1944 ला होमफ्रेगंजमध्ये 44 जणांना गोळ्या घातल्या. त्याच्या जेमतेम महिनाभर आधी नेताजी सुभाषचंद्र बोस त्याच पोर्ट ब्लेअरला येऊन गेले होते. कादंबरी या सगळ्यात शिरत नाही. तिला हवं आहे ते एवढंच की तुरुंगाचं दार उघडलं आणि दोन माणसं दोन दिशांनी घरी निघाली. ग्यान गोंधळाचा फायदा घेऊन निसटतो. देबीला जपानी भाषा आणि जुजुत्सू येतं, म्हणून जपान्यांना तो उपयोगी वाटतो. तो ब्रह्मदेशात जातो. ज्यांच्याकडून त्याला मुक्तीची अपेक्षा होती, त्यांची राजवट जवळून पाहतो आणि त्याचा भ्रम उतरतो. मग निर्वासितांच्या लोंढ्यातून आसामात येतो आणि नाव बदलून चहाच्या मळ्यात मजूर म्हणून राहतो.

परतण्याचा हा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो, आणि त्याला माझ्या गावाचंही थोडं कारण आहे. आमच्या नागपूरजवळच्या खापरखेड्याचं नाव निघालं की लोकांना 1340 मेगावॅटचं वीजकेंद्र आठवतं, पण जवळच कामठीची छावणी आहे, 1821 पासूनची, ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं केंद्र तिथेच. या पट्ट्यात फौजेतून परतलेली माणसं पुष्कळ. त्यांच्याशी बोलायला बसलं तर लढाईविषयी ते फार थोडं सांगतात. रसद, बदली, बर्फातली रात्र, सोबत्याच्या घरी पत्र कुणी लिहिलं, हे मात्र तपशीलवार सांगतात. माळगावकरांच्या लिहिण्यात मला हाच सूर ऐकू येतो. ते स्वतः फौजेतून परतलेले. प्रत्यक्ष हिंसा त्यांच्याकडे दोन-तीन वाक्यांत उरकते, विशेषणं जवळजवळ नसतात. त्याआधीचं ताटकळणं आणि त्यानंतरचं निस्तरणं मात्र ते सावकाश लिहितात. हरीच्या खुनाला थोड्या ओळी लागतात, ग्यानने तळ्यात कुऱ्हाड शोधण्याला त्याहून जास्त. थरारकथेच्या सवयीच्या वाचकाला हे उलटं वाटेल. पण त्यामुळेच कुऱ्हाड ध्यानात राहते.

ग्यान परत येतो तो खोटं बोलत. तो देबीच्या वडिलांकडे जातो, देबीचा मित्र असल्याचं भासवतो, आणि त्या कुटुंबाच्या मुंबईतल्या व्यवसायात नोकरी मिळवतो. ज्याला विकलं त्याच्याच घराच्या ओसरीवर येऊन बसायचं, त्याच्या आईबापांच्या कृतज्ञतेवर जगायचं, यापरती नीच गोष्ट सुचणं कठीण. तरीही त्या घरात वावरताना ग्यान हळूहळू बदलतो. देबीची बहीण सुंदरी तिथे आहे. तिचं लग्न फसलेलं आहे, नवरा दुसरीत गुंतलेला. ग्यान तिच्या प्रेमात पडतो आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुणाची मर्जी सांभाळायची म्हणून नव्हे, तर तिच्यासाठी काही करावंसं वाटतं. सुंदरीकडे मात्र वेगळा हिशेब आहे. नवऱ्यावर सूड म्हणून ती ग्यानला जवळ करते. 14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाजाचा स्फोट झाला, शेकडो माणसं गेली, सोन्याच्या विटा दूरवर जाऊन पडल्या. तो स्फोटही लेखकाने कथेत आणला आहे. युद्ध इथे आघाडीवर नसून गोदीत, शयनगृहात, कारकुनाच्या टेबलावर आहे.

आणि देबी? तो परत येतो तो सुडासाठी. पण त्याच्या सुडाचा रोख ग्यानपेक्षा शफीवर आहे. बसू नावाच्या जुन्या साथीदाराबरोबर तो लाहोरला जातो. त्या बसूच्या बायकोचा चेहरा दंगलीत ॲसिडने जळलेला आहे. शफीची लाडकी मुमताज ही कोठ्यावरची मुलगी देबी पैसे मोजून आपल्याबरोबर घेऊन जातो, केवळ शफीच्या काळजाला घरं पाडायची म्हणून. मुमताज त्याच्या लेखी फक्त हत्यार असते. पण हत्याराने बोलायला सुरुवात केली की काय करायचं? मुमताज त्याच्यावर जीव टाकते. आणि देह-मन गोठवून बसलेला देबी तिच्याशी बांधला जातो. आईच्या अपमानाच्या दिवसापासून त्याने जे कवच घट्ट केलं होतं, ते एका मुसलमान मुलीने उतरवलं. देबीचा सूड असा अर्ध्या वाटेवर प्रेमात विरघळतो. हे परिवर्तन माळगावकर भावुक न होता लिहितात. त्यांच्या सगळ्या पुस्तकांतली मला सर्वात हळुवार वाटलेली पानं हीच.

इथे एक उणीव सांगायला हवी. मुमताज आणि सुंदरी या दोघींची मनं लेखकाला पुरुषांच्या मनांइतकी आतून उमगलेली नाहीत. मुमताज फारच लवकर आणि फारच निःशंकपणे देबीची होते. कोठ्यावर वाढलेल्या मुलीला विकत घेणाऱ्या पुरुषाविषयी जो संशय वाटेल, तो तिला वाटताना दिसत नाही. सुंदरी तिच्यापेक्षा पक्की आहे, पण तिचा राग लेखक दाखवतो तितका तिचा एकांत दाखवत नाही. योगायोगही जास्त झालेत. पंजाब, अंदमान, मुंबई, लाहोर एवढ्या मोठ्या भूगोलात तीच चार-पाच माणसं एकमेकांना पुन्हा पुन्हा भेटतात.

पण एक योगायोग मी लेखकाला आनंदाने देऊन टाकतो. ग्यानच्या घराण्यात शिवाची एक जुनी मूर्ती आहे. ती टेकचंदांच्या संग्रहात येते आणि तिथे कपाटात शांतपणे उभी राहते. ऑगस्ट 1947. दुरियाबाद पाकिस्तानात गेलंय. टेकचंद, त्यांची पत्नी आणि सुंदरी घरात अडकलेत. ग्यान त्यांना, म्हणजे खरं तर सुंदरीला, सोडवायला जिवावर उदार होऊन आलाय. शफी हिशेब चुकवायला येतो. देबीने मुमताज नेली, आता तो सुंदरीला नेणार. त्या झटापटीत सुंदरी शिवाची मूर्ती उचलून शफीला ठेचते. कोनशेतच्या देवघरातून निघालेला देव असा तिच्या हाती शस्त्र होऊन येतो. पहिल्या पानावर ग्यानने शस्त्र टाकण्याची शपथ घेतली होती, शेवटच्या पानांत त्याच्या कुळाच्या देवानेच रक्त सांडलं. हे प्रतीक म्हणून ठळक आहे, कदाचित जरा जास्तच ठळक. पण दुसरं काहीही तिथे इतकं बसलं नसतं.

त्याच वेळी देबी आणि मुमताज आगगाडीने दुरियाबादकडे निघालेत, आईबापांना गाठायला. देबीने मुसलमानाचा वेष केला आहे. वाटेत गर्दीला संशय येतो, तो हिंदू असल्याचं ओळखतात, मारतात. मुमताजला ओढून नेतात. मारणाऱ्यांपैकी कुणालाही देबीचं नाव माहीत नाही. शफीने एका निरोपाने त्याला पकडून दिलं, ग्यानने एका शब्दाने त्याला फटके बसवले, पण त्याचा जीव घेतला तो पूर्ण अनोळखी माणसांनी. वाचकाने ज्या समोरासमोरच्या प्रसंगाची वाट पाहिली तो कधीच येत नाही. देबी आणि शफी, देबी आणि ग्यान, कुणाचंच खातं पुरं होत नाही. तोवर लाखो माणसांची खाती एकदम उघडली गेलेली असतात आणि एकट्यादुकट्याच्या सुडाला त्यात काही किंमत उरत नाही. युद्धकथेने मोठ्या हिंसेपुढे स्वतःच्या नायकाचा सूड क्षुल्लक करून दाखवणं, हे मी फार थोड्या पुस्तकांत पाहिलंय. उत्तर नागपुरातल्या जरीपटक्यात सिंधी निर्वासितांची घरं उभी राहिली ती याच साली सुटलेल्या माणसांची. तिथल्या गल्ल्यांतून जाताना मला देबीची गाडी आठवते, हे या पुस्तकाने माझ्यासाठी केलेलं काम.

ग्यान मात्र जगतो. भित्रा, खोटारडा, मर्जी राखणारा ग्यान सुंदरीला घेऊन सीमेपलीकडे येतो. टेकचंद काफिल्यातून मागे वळतात आणि परत येत नाहीत. ज्याच्या हातून सगळ्यात जास्त अपराध घडले, त्याच्याकडेच लेखकाने माणसं वाचवण्याचं काम सोपवलं. हा निकाल मला सुरुवातीला अन्यायाचा वाटला होता. पुन्हा वाचताना लक्षात आलं की ग्यान शेवटी जे करतो ते पहिल्यांदाच कुणी बघत नसताना करतो. गांधीजी नाहीत, मुलिगन नाही, टेकचंदांची कृतज्ञता मिळण्याचाही प्रश्न संपलेला. या कादंबरीनंतर चौदा वर्षांनी, 1978 साली, माळगावकरांनी गांधीहत्येच्या कटावर 'द मेन हू किल्ड गांधी' लिहिलं. अहिंसेचा प्रश्न त्यांनी कधी सोडला नाही. या कादंबरीत ते अहिंसेवर शंका घेतात हे खरं, पण हिंसेवर त्याहून मोठी शंका घेतात, हे तिला गांधीविरोधी ठरवणाऱ्यांच्या नजरेतून सुटतं.

हे पुस्तक आवडलं तर त्यांची पहिली कादंबरी 'डिस्टंट ड्रम' (1960) जरूर वाचावी. तिच्यातल्या पलटणीचं नाव फोर्थ सातपुडाज. पलटण काल्पनिक, पण नाव आमच्या सावनेर तालुक्याच्या उत्तरेला दिसणाऱ्या डोंगरांचं. तिच्यात किरण गरुड आणि अब्दुल जमाल हे एकाच पलटणीतले मित्र फाळणीने दोन सैन्यांत विभागले जातात आणि काश्मीरच्या शस्त्रसंधी रेषेवर भेटतात. वरिष्ठांना रुचणार नाही हे माहीत असून ते एकत्र बसून पितात, आणि किरणला त्याची बोलणी खावी लागतात. देबीला आणि शफीला एकदा तरी असं बसता आलं असतं का, हा प्रश्न दोन्ही पुस्तकं पाठोपाठ वाचणाऱ्याला पडल्याशिवाय राहत नाही.